परीराज्याचा करारनामा

१. एका आईचा प्रश्न

पंधरा वर्षांच्या मुलीच्या उशाशी ‘द क्रुएल प्रिन्स’ नावाचे जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडले, त्याची सुरुवातीची चार पाने चाळली, आणि त्या चार पानांतच दारातून आत आलेला एक परराज्यातील सरदार तीन मुलींच्या डोळ्यांदेखत त्यांच्या आईबापांना तलवारीने ठार करतो हे वाचून धास्तावलेल्या एका परिचित गृहिणीने मला जो प्रश्न विचारला, तोच या प्रकरणाचा विषय आहे. “परीची गोष्ट म्हणून मी काही बोलले नाही,” त्या म्हणाल्या, “पण ह्या कसल्या हो पऱ्या?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे परी म्हटली की शाळेच्या स्नेहसंमेलनातील, पांढरा झगा घातलेली, पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधलेली आणि चंदेरी कागद गुंडाळलेली छडी हातात धरून रंगमंचावर अवघडून उभी राहिलेली तिसरीतली मुलगी डोळ्यांसमोर येते. तिच्या राज्याची धास्ती घ्यावी असे त्यात काय आहे? परंतु होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या या कादंबरीला आणि त्याच जातीच्या इतर किशोर-कादंबऱ्यांना ही भीती मिळाली कोठून, याचा मागोवा घेत मागे जाऊ लागले म्हणजे असे आढळते की भीती मूळची आहे आणि पंख मागाहून चिकटविलेले आहेत. शिवाय ही भीती राक्षसाच्या भीतीहून निराळ्या घडणीची आहे. राक्षस सरळ खाऊन टाकतो, त्याच्याशी वाटाघाट करण्यासारखे काही उरत नाही. परीराज्यात मात्र माणूस बुडतो तो आपल्याच हाताने सही करून.

२. पंख मागाहून आले

आपला ‘परी’ हा शब्द फारसीचा. इंग्रजी ‘फेअरी’ हा ‘फाता’ या लॅटिन शब्दापासून, म्हणजे मनुष्याचे विधिलिखित ठरविणाऱ्या देवतांच्या नावापासून, फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत उतरलेला. कानाला सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या या दोन शब्दांचे परस्परांशी काही नाते नाही, मात्र दोघींचेही माहेर फारसे सौम्य नव्हते हे खरे. फारसी परीची पूर्वज म्हणजे अवेस्ता ग्रंथातील ‘पइरिका’, आणि ती दुष्ट शक्तींत गणलेली आहे; फाता म्हणाल तर जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी लेख लिहून जाणाऱ्या आपल्या सटवाईच्या जातकुळीतली. सटवाईला कोणी गोड म्हणत नाही. तिची पूजा मांडतात, आणि त्या पूजेत कोयता किंवा विळा ठेवायला विसरत नाहीत. हे लोखंड वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते लागणार आहे.

मग ही पंखवाली आली कोठून? सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरने ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराणीच्या दिमतीला मोहरी आणि कोळिष्टक अशा अर्थाच्या नावांचे सेवक दिले, १६२७ साली मायकेल ड्रेटन या कवीने सबंध परीदरबारच किड्यामुंग्यांच्या मापाचा करून टाकला, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील चित्रकारांनी त्यांच्या पाठीवर फुलपाखराचे पंख लावण्याची प्रथा रूढ केली, आणि १९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘पीटर पॅन’ आले तेव्हा त्यातील टिंकर बेल ही आरशाने पाडलेला नुसता एक कवडसा होती. तीनशे वर्षांत एका सार्वभौम सत्तेचा कवडसा झाला! १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे व्याख्यान देताना टॉल्किन यांनी या खुजेपणाविषयी आपली नाराजी लपविली नाही. उत्तम परीकथा ही बहुधा पऱ्यांची नसतेच, त्या धोक्याच्या मुलखात पाऊल टाकलेल्या माणसाची असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

३. शेजाऱ्यांचे नाव घेऊ नये

खेड्यापाड्यांतून ही घसरण झालीच नव्हती. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील शेतकरी ज्यांना भीत असे ते लोक साधारण माणसाएवढेच उंच, टेकड्यांच्या पोटात राहणारे, घोडी बाळगणारे, मेजवान्या झोडणारे आणि आपसांत लढाया करणारे असे होते. त्यांचे खरे नाव तो घेत नसे. ‘भले शेजारी’ किंवा ‘खानदानी मंडळी’ असे काहीतरी बोलून वेळ मारून नेई. आपल्याकडे रात्रीच्या वेळी सापाला लांबडं म्हणतात आणि अंगावर फोड उठले की देवी आल्या म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. ज्याची स्तुती फार होते तो भला असतोच असे नाही, एवढे आपणांस कचेरीतील अनुभवानेही ठाऊक असते.

या शेजाऱ्यांची सविस्तर हकीकत लिहून ठेवणारा पुरुष म्हणजे एबरफॉइल या गावचे पाद्री रॉबर्ट कर्क. बायबलातील स्तोत्रांचे गेलिक भाषेत रूपांतर करून ते १६८४ साली छापविणारे हे विद्वान गृहस्थ १६९१-९२च्या सुमारास एक प्रबंध लिहिते झाले, आणि त्यात त्यांनी या अदृश्य प्रजेची घरे, आहार, वेश, आजार व मृत्यू यांची नोंद जिल्ह्याचे गॅझेटियर लिहिणाऱ्या कलेक्टराच्या निर्विकारपणे केली. प्रबंधाच्या नावातच त्यांनी या प्रजेला ‘गुप्त राज्य’ म्हटले आहे, आणि मला तो शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. भुतांचा जमाव असतो, राज्य नसते. १६९२ साली, घराजवळच्या ज्या टेकडीवर परींचा वास असल्याचे मानीत तेथे रात्रीच्या कपड्यांत फिरत असता ते कोसळले आणि वारले. गावाने मात्र वेगळी कथा रचली. कर्क मेले नाहीत, गुपिते फोडल्याबद्दल त्यांना टेकडीत ओढून नेले आहे. ते एका आप्ताच्या दृष्टीस पडले आणि म्हणाले की, माझ्या मागे जन्मलेल्या मुलाच्या बारशाला मी येईन, तेव्हा माझ्या डोक्यावरून सुरी फेका, म्हणजे मी सुटेन. ठरल्याप्रमाणे बारशाच्या वेळी ते आले, सर्वांनी पाहिले, आणि तो आप्त इतका भांबावून गेला की सुरी त्याच्या हातातच राहिली. कर्क दारातून निघून गेले. त्यांचा प्रबंध छापून निघाला तो १८१५ साली, वॉल्टर स्कॉट यांच्या खटपटीने.

सुरी लोखंडाची. लोखंडापुढे परीचे काही चालत नाही हा समज ब्रिटिश बेटांत इतका सार्वत्रिक होता की एकोणिसाव्या शतकात डेव्हिड मॅकरिची यांनी असा तर्क लढविला की परी म्हणजे आगंतुकांनी डोंगरांत रेटलेल्या ठेंगण्या मूळ रहिवाशांची आठवण होय. त्यावरून लोखंडाच्या भीतीचाही उलगडा करू पाहणारे मागाहून निघाले. तर्क सुबक आहे, पण सुबक तर्कांवर माझा विश्वास कमी. बाळंतिणीच्या खाटेखाली विळा ठेवणारी आपली आजीही कोणत्या जित लोकांना भीत होती?

४. मीठ, जबान आणि मुदत

आता त्या राज्याची कलमे पाहू. ती कोठे एकत्र लिहिलेली नाहीत, परंतु शेकडो कथांतून पुन्हापुन्हा तीच निघतात आणि आजच्या कादंबरीकारांनी ती जशीच्या तशी स्वीकारलेली आहेत.

पहिले कलम अन्नाचे. तेथे काही खाऊ नये. खाल्ले की परत येणे नाही. हे जादूचे विष असावे असे प्रथम वाटते, परंतु मराठी माणसाला याची फोड करून सांगण्याचे कारणच नाही, कारण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ज्याचे अन्न खाल्ले त्याचे आपण झालो, त्याच्या घरच्या माणसांत आपली गणना झाली: अन्न ही तोंडाने केलेली सही होय. गंमत अशी की खुद्द मिठाचा गुण तेथे उलटा आहे. परींना मीठ वर्ज्य, आणि म्हणून ब्लॅकच्या कादंबरीतील ज्यूड नावाची मानवकन्या, परीराज्यात वाढत असताना, खिशात मीठ घेऊन फिरते व प्रत्येक घासावर चिमूटभर टाकते. आपले मीठ बांधते, तिचे मीठ सोडविते. एका प्रसंगी तिचे मीठ निकामी केले जाते आणि तिच्या तोंडी परीराज्याचे फळ कोंबले जाते. मग भर सोबत्यांच्या देखत ती आनंदाने, हसत हसत, स्वतःची जी मानखंडना करून घेते, ती वाचताना अंगावर काटा येतो.

दुसरे कलम जबानीचे, आणि सर्वांत खोल तेच. परीला खोटे बोलता येत नाही. तेराव्या शतकात होऊन गेलेल्या टॉमस या स्कॉटिश कवीच्या कथागीतात परीराणी त्याला सात वर्षे आपल्या राज्यात ठेवते व असत्य न बोलणारी जिव्हा बक्षीस देते, आणि त्यावर तो बिचारा काकुळतीला येऊन म्हणतो की मग मी बाजारात खरेदी-विक्री कशी करू, आणि बड्या लोकांशी व बायकांशी बोलू तरी काय! पण खोटे बोलता न येणे म्हणजे खरे सांगणे असे समजणारा माणूस तेथे दोन दिवसही टिकणार नाही. एक साधे उदाहरण घेऊ. शेजारच्या झाडाचा आंबा नाहीसा झाला आहे. मुलाला विचारले, “तू आंबा काढलास का?” तो म्हणतो, “मी झाडाला पाय लावला असेल तर शपथ!” शब्द न् शब्द खरा आहे, त्याने खालूनच लांब काठीने तो पाडला आहे. प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही, हे मात्र विचारणाऱ्याच्या ध्यानात आले पाहिजे. धर्मराजाने आयुष्यात एकदा ‘नरो वा कुंजरो वा’ केले आणि, महाभारत सांगते, त्याचा जमिनीपासून चार बोटे अधांतरी चालणारा रथ खाली टेकला. परीदरबारात सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक जण तेच करीत असतो आणि कोणाचाही रथ टेकत नाही.

तिसरे कलम मुदतीचे. तेथील एक रात्र म्हणजे येथील शतके. आयर्लंडच्या ओशीनला तारुण्याच्या भूमीत तीनशे वर्षे गेल्याचा पत्ता लागत नाही आणि मायभूमीवर घोड्यावरून पडताच तो जख्ख म्हातारा होतो. रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेलेल्या राजा ककुद्मीची कथा आपल्याला ठाऊक असल्याने यावर अधिक लिहीत नाही.

५. नरकाची सरदेशमुखी

या कलमांनी बांधलेल्या माणसाला सोडविता येते का? येते, आणि त्याची रीत ज्यात सांगितली आहे ते ‘टॅम लिन’ हे कथागीत आजच्या बहुतेक परीराज्य-कादंबऱ्यांची आजी आहे. १५४९ सालच्या एका स्कॉटिश ग्रंथात त्या कथेचा उल्लेख येतो, आणि हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलेल्या ३०५ कथागीतांच्या महासंग्रहात तिचा क्रमांक ३९ आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, सेलकर्क गावापाशी एट्रिक आणि यारो या नद्यांचा संगम होतो, तेथले कार्टरहॉ हे रान. मनाई असताना जॅनेट नावाची तरुणी तेथे जाते आणि गुलाब तोडते; तत्क्षणी एक तरुण पुढे उभा राहून विचारतो, कोणाच्या परवानगीने? ती म्हणते, रान माझे आहे, वडिलांनी मला दिले आहे. म्हणजे या प्रेमकथेचा आरंभ वहिवाटीच्या तंट्याने होतो! पुढे ती गरोदर राहते, पुन्हा रानात येते, आणि तेव्हा तो आपली कैफियत सांगतो: आपण मनुष्यच आहोत, शिकारीत घोड्यावरून पडलो आणि परीराणीने झेलले, तेथे सुखच आहे, पण दर सात वर्षांनी परीराज्याला नरकाकडे खंडणी भरावी लागते, आणि या खेपेला अंगापिंडाने भरलेला म्हणून आपलीच पाळी येईल अशी धास्ती आहे.

या खंडणीला स्कॉटिश बोलीत ‘टीन्ड’ म्हणतात. त्याचा अर्थ दशमांश, उत्पन्नाचा दहावा हिस्सा, जो एरवी चर्चला द्यावा लागे. चौथाईखेरीज वसूल होणारी आपली सरदेशमुखीही दहावाच हिस्सा होती, म्हणून मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. परंतु या एका तपशिलाने सबंध चित्र बदलते. जी राणी आपणांस सर्वसत्ताधीश वाटत होती ती मांडलिक निघते. तिच्यावर कोणाचा तरी वसूल आहे, तो भरण्यास आपल्या रयतेतील जीव द्यायला ती राजी नाही, आणि म्हणून ती माणसे गोळा करते, त्यांना सुखात ठेवते, पोसते. एखाद्या जहागीरदाराने फौजेसाठी घोडी पोसावीत तसे.

सुटकेची रीत अशी. हॅलोवीनच्या मध्यरात्री परींची स्वारी एका क्रूसापाशी चौकातून जाईल. काळा घोडा जाऊ द्यावा, तपकिरी जाऊ द्यावा, पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराला खाली ओढावे आणि काही झाले तरी सोडू नये. जॅनेट तसे करते. तिच्या मिठीत तो सर्प होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापून लाल झालेली लोखंडाची कांब होतो, शेवटी धगधगता निखारा. आणि निखारा विहिरीच्या पाण्यात टाकताच उघडावाघडा माणूस बाहेर येतो, त्याच्यावर ती आपला हिरवा शेला घालते. राणी संतापते. आधी समजते तर याचे डोळे काढून लाकडाचे बसविले असते, असे म्हणते. पण ती त्यांना अडवीत नाही. तिच्यापाशी सैन्य आहे, जादू आहे, समोर एक एकटी मुलगी आहे; तरीही शर्त पुरी झाल्यावर हक्क संपतो, हे त्या राज्यात राणीलाही मोडता येत नाही. मला या गीतातील सर्वांत विलक्षण जागा हीच वाटते.

एलिझाबेथ मेरी पोप यांनी १९७४ साली ‘द पेरिलस गार्ड’मध्ये ही कथा ट्यूडर काळातील इंग्लंडात नेली, डायना विन जोन्स यांनी १९८५ साली ‘फायर अँड हेमलॉक’मध्ये ती विसाव्या शतकातील शाळकरी मुलीच्या आयुष्यात आणली, आणि ब्लॅकच्या २००२ सालच्या पहिल्या कादंबरीचे नावच ‘टाइद’, म्हणजे दशमांश, असे आहे.

६. टिपररी, मार्च १८९५

हे सर्व मनोरंजन आहे असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी एक हकीकत, थोडक्यात. आयर्लंडच्या टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी सव्वीस वर्षांची स्त्री आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, परींनी तिला नेऊन बदली ठेवलेली दुसरीच कोणी आहे, असे तिच्या नवऱ्याने घेतले. नातेवाइकांच्या देखत तिला बळजबरीने औषधी पाल्याचा काढा पाजला, पुन्हापुन्हा नाव विचारले, आणि अखेर जाळले. त्यानंतर तो जवळच्या टेकडीवरील प्राचीन कोटापाशी जाऊ लागला, कारण खरी ब्रिजेट पांढुरक्या घोड्यावरून बाहेर येईल आणि सुरीने बंध कापून आपण तिला सोडवू, असा त्याचा भरवसा होता. घोडा, रात्र, सुरी: सारी सामग्री जुन्या कथांतलीच. मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली.

७. एक वर्ष आणि एक दिवस

आता पुन्हा त्या आईच्या पुस्तकाकडे. ज्यूडच्या आईबापांना मारणारा मॅडॉक हा परीराज्याचा सेनापती; मारून झाल्यावर तो तिन्ही मुलींना घेऊन जातो आणि पोटच्या मुलींसारखे वाढवितो, कारण त्यांतील थोरली त्याची स्वतःची आहे, आणि बायकोच्या मुलींचा भार आपल्यावर येतो असे त्याच्या इभ्रतीचे गणित सांगते. ज्या हातांनी आईला मारले तेच हात तलवार धरायला शिकवितात, आणि ज्यूडला ते हात आवडतातही: कादंबरीचा खरा जीव येथे आहे, प्रेमप्रकरणात नाही. या जातीच्या पुष्कळ कादंबऱ्यांत मधल्या प्रकरणांपासून राजपुत्र नुसताच देखणा उरतो, कलमे विसरली जातात आणि परीराज्य म्हणजे चांगल्या पोशाखांचे महाविद्यालय होऊन बसते. तशा पुस्तकांबद्दल आईने खुशाल नाक मुरडावे.

ज्यूडपाशी शस्त्र एकच: तिला खोटे बोलता येते. एल्फहेम या परीराज्याचा राजमुकुट एका राजवंशीयाने दुसऱ्या राजवंशीयाच्या मस्तकी ठेवावा लागतो, असे कलम. राजपुत्र कार्डनकडून ती एक वर्ष आणि एक दिवस आपल्या हुकमात राहण्याचे वचन घेते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातील ही मुदत, पूर्ण वर्ष भरले की नाही यावर वाद उरू नये म्हणून वर एक दिवस. ज्यूडचा धाकटा भाऊ म्हणून वाढलेल्या राजवंशीय लहानग्या ओकला गादी मिळणार या समजुतीत कार्डनला ठेवले जाते, आणि ऐन वेळी ती कार्डनला जागचा हलू नकोस असा हुकूम करून ओकच्या हातून मुकुट त्याच्याच डोक्यावर ठेवविते. वचन त्याने दिले होते, पण ते कशासाठी वापरले जाईल हे विचारले नव्हते.

ज्यांना पुढील दोन खंड वाचावयाचे आहेत त्यांनी येथे थांबावे. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस कार्डन ज्यूडशी गुप्तपणे विवाह करतो, त्याच्या बोलीत आपल्या वचनातून मुक्तता मिळवितो, आणि लागलीच भर दरबारात तिला माणसांच्या जगात हद्दपार करतो: राजमुकुट तिला माफी देईपर्यंत तिने परत येऊ नये. आता हे वाक्य वकिलाच्या नजरेने वाचावे. माफी कोणी द्यावयाची? राजाने, असे त्यात म्हटलेले नाही. राजमुकुटाने, असे म्हटले आहे. आणि विवाहामुळे ज्यूड राणी झालेली आहे. म्हणजे माफीचा अधिकार तिच्यापाशीच आहे, आणि हद्दपारीचा हुकूम ज्या क्षणी उच्चारला गेला त्याच क्षणी तो तिला एका शब्दाने रद्द करता आला असता. दोन खंडभर इतरांची वचने भिंगाखाली धरून वाचणारी ही मुलगी बहिणीच्या घरी दूरदर्शनच्या पडद्यापुढे बसून दिवस कंठते, मिळतील ती कामे करते, आणि त्या राजाचा सूड कसा घ्यावा याचे बेत करीत राहते. स्वतःवर बजावलेला हुकूम तेवढा तिने पुन्हा एकदा वाचलेला नसतो.